फ्रीजला लावायचे कुलूप : नागपूरच्या उन्हाळ्यातला चार महिन्यांचा अनुभव

फ्रीजच्या दाराला बाहेरून चिकटवायचे आकड्यांचे कुलूप मी फेब्रुवारीच्या अखेरीस 349 रुपयांना ऑनलाइन मागवले आणि जूनच्या मध्यापर्यंत ते आमच्या प्रतापनगरच्या घरात वापरले. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण खोक्यावर नाव म्हणावे असे काही नव्हतेच आणि हाच नमुना निरनिराळ्या नावांनी सगळीकडे विकला जातो. अन्नाला कुलूप लावायचे म्हटले की आपल्याकडे प्रथम कंजूषपणाच आठवतो. वास्तविक नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात दुधाच्या जाळीच्या कपाटाला कडी होती आणि लोण्याचे मडके शिंक्यावर असे, पण ती तजवीज मांजरासाठी होती. माणसासाठी ती करायची वेळ येते तेव्हा घेणाऱ्याचा हात थोडा अडखळतो, आणि त्यामुळेच बहुधा या वस्तूविषयी कोणी मोकळेपणाने लिहीत नाही.

आमचे कारण असे. वडील 79 वर्षांचे आहेत आणि त्यांना दीड वर्षापासून विस्मरणाचा आजार आहे. रात्री एक-दोनच्या सुमारास ते उठतात, स्वयंपाकघरात जातात, फ्रीज उघडतात आणि हाताला येईल ते खातात; भिजवलेले कच्चे वाटाणे, इडलीचे आंबवलेले पीठ, एकदा तर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, अर्धी जुडी देठांसकट. गेल्या वर्षी ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, फ्रीजचे दार रात्रभर सताड उघडे राहिले आणि सकाळी दूध, भाज्या आणि शिजवलेले वरण सगळेच टाकावे लागले. तेवढे नुकसान आम्ही सोसले असते. परंतु या फेब्रुवारीत आईच्या इन्सुलिनचे पेन एका सकाळी बाबांच्या सदऱ्याच्या खिशात सापडले, आणि त्याच दिवशी मी कुलूप मागवले.

इन्सुलिनची गोष्ट इथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा गुंता तिच्यातूनच झाला. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश तापमानात ठेवावे लागते. वापरात असलेले पेन साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण खोली 30 अंशांच्या आत असेल तरच, आणि नागपुरात मार्चच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत कूलर लावूनही खोली 30 अंशांच्या आत राहील याची हमी देता येत नाही. त्यामुळे आमच्याकडे वापरातले पेनही फ्रीजमध्येच असते. म्हणजे ज्या फ्रीजपासून एका माणसाला दूर ठेवायचे, त्याच फ्रीजवर दुसऱ्या माणसाचे औषध अवलंबून.

वस्तू साधी आहे. प्लास्टिकच्या दोन चकत्या, एकीवर तीन आकड्यांची चक्रे, दुसरीवर अडकवायची खाच, आणि दोहोंना जोडणारी प्लास्टिक चढवलेली पोलादी तार. एक चकती दाराला आणि एक फ्रीजच्या कुशीला चिकटवायची. मागे जाड फेसासारखी दुहेरी चिकटपट्टी असते. तिची पकड लगेच पूर्ण होत नाही. पहिल्या वीस मिनिटांत सुमारे निम्मी, एका दिवसात नव्वद टक्क्यांच्या आसपास आणि तीन दिवसांत पूर्ण, असा या जातीच्या चिकटपट्ट्यांचा हिशेब असतो. जागा स्पिरिटने पुसून, चकत्या दाबून धरून मी तीन दिवस तारेला कोणाला हात लावू दिला नाही. फोडणीचा उडालेला तेलाचा थर फ्रीजच्या अंगावर किती असतो, ते त्या दिवशी कापसाच्या पिवळ्या बोळ्यावर दिसले. आमचा फ्रीज दोन दारांचा आहे हे मात्र मागवताना माझ्या लक्षातच आले नव्हते, आणि एका कुलपात एकच दार बंद होते. वरचा फ्रीझर शेवटपर्यंत उघडाच राहिला; सुदैवाने बाबांना बर्फात रस नाही.

मार्चभर कुलपाने आपले काम चोख केले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात कुशीची चकती खाली सरकू लागली. आधी वाटले, बाबांनी तार ओढली असेल. मग एका दुपारी सहज हात टेकला तर फ्रीजची ती बाजू इतकी तापलेली होती की हात ठेववेना. पूर्वीच्या फ्रीजना मागच्या बाजूला काळी जाळी असे आणि आतली उष्णता तिथून बाहेर पडे. आता बऱ्याच फ्रीजमध्ये त्या नळ्या दोन्ही कुशींच्या पत्र्याआड बसवलेल्या असतात, म्हणून कॉम्प्रेसर चालू असताना कुशी गरम होते. बाहेर 44 अंश, स्वयंपाकघरात गॅस, आणि चकती चिकटवलेली नेमकी त्या नळ्यांवर! चिकटपट्टी मऊ पडून चकती तीन दिवसांत बोटभर घसरली आणि चौथ्या दिवशी तारेसह लोंबू लागली. सोबतच्या कागदावर याविषयी अवाक्षर नाही. माझी सूचना एवढीच की, चिकटवण्यापूर्वी कॉम्प्रेसर तासभर चालू द्यावा, कुशीवर वरपासून खालपर्यंत हात फिरवून सर्वांत कमी तापणारी जागा शोधावी आणि तिथेच चकती लावावी. मी नवी पट्टी आणून तसे केले, तेव्हापासून ती जूनपर्यंत हलली नाही.

याच सुमारास इतवारीत लोहा ओळीतल्या एका दुकानदाराने दारात आणि कुशीत भोके पाडून कडी-कोयंडा बसवून देण्याची तयारी दाखवली होती. त्याचा हेतू चांगला होता, पण असे कोणीही करू नये. पत्र्याआडच्या नळीला ड्रिलचे टोक लागले तर गॅस निघून जातो आणि फ्रीज कायमचा जायबंदी होऊ शकतो. शिवाय हल्लीच्या अनेक घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो.

कुलपाच्या सुरक्षिततेविषयी फार लिहिण्याजोगे नाही. तीन चक्रांचे एक हजार आकडे होतात आणि ते चिकाटीने फिरवून पाहायला तासभरही लागत नाही. सातवीतल्या माझ्या मुलाला तेवढेही लागले नाही. त्याने तार ताणून धरली, एकेक चक्र फिरवत कुठे अडल्यासारखे वाटते ते बोटाने ओळखले आणि अकराव्या मिनिटाला आइस्क्रीम... नव्हे, ते वरच्या उघड्या कप्प्यात होते. त्याने श्रीखंडाचा डबा काढून दाखवला. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत सोबत्यांपासून दही वाचवण्यासाठी कोणी हे कुलूप घेणार असेल तर त्याने पैसे वाया घालवू नयेत. लहान मूल आणि आकडे विसरलेला माणूस यांच्यापुढे मात्र ते टिकते.

खरी अडचण एप्रिलमधल्या एका रात्री कळली. पहाटे तीनच्या सुमारास स्वयंपाकघरातून खटखट ऐकू आली. बाबा असतील असे समजून मी उठलो, तर फ्रीजपुढे आई उभी होती. घामाने पाठ भिजलेली, हात थरथरत होते आणि ती चक्रे फिरवत होती. तिच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. काळ्या चक्रांवरचे तिळाएवढे आकडे तिला दिवसाही नीट दिसत नाहीत. साखर तपासली तर 58. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा तेवढाच ग्लुकोज पोटात जाणे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणे एवढेच करायचे असते, आणि साखरेचा डबा तिच्या उजव्या हाताला दोन फुटांवर होता. पण साखर उतरली की डोके चालत नाही. सवय फ्रीजमधल्या मोसंबीच्या रसाची होती, म्हणून ती फ्रीजशीच झटत राहिली. त्या दिवसापासून ग्लुकोजची पुडी तिच्या उशाशी असते. घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर फ्रीजला कुलूप लावण्याआधी ही व्यवस्था करावी, नंतर नव्हे. आणि आकड्यांऐवजी किल्लीचे कुलूप घ्यावे, कारण किल्ली अंधारात हाताला लागते, आकडे लागत नाहीत.

किल्लीवरून आठवले. आमच्या जुन्या घरी एका दाराचा 165 लिटरचा फ्रीज होता आणि त्याच्या दारातच कुलूप होते. गोदरेजची सुरुवात 1897 साली कुलपांपासून झाली आणि 1958 साली त्यांनी फ्रीज बनवायला घेतले, हे ठाऊक असल्यामुळे फ्रीजला कुलूप असायचेच अशी लहानपणी माझी समजूत होती. एका दाराच्या अनेक फ्रीजना आजही असे कुलूप येते आणि ते या चिकटवायच्या प्रकारापेक्षा कितीतरी बरे असते, कारण त्यात घसरण्यासारखे काही नसते. नवा फ्रीज घेणाऱ्याने दुकानात ते आवर्जून विचारावे. फार विसंबू मात्र नये. शेजारच्या काकूंच्या फ्रीजची किल्ली आमच्या कुलपाला लागत असे आणि ही गोष्ट आम्ही मुलांनी बरीच वर्षे गुप्त ठेवली होती.

घरात अगदी लहान मुले असतील तर आणखी एका गोष्टीचा विचार करावा. फ्रीजचे दार आज नुसत्या चुंबकी रबराने बंद होते, यामागे एक दुःखद इतिहास आहे. पूर्वीच्या खटक्याच्या फ्रीजमध्ये खेळताना लपलेली मुले गुदमरून दगावत, कारण खटका आतून उघडत नसे. म्हणून अमेरिकेने 1956 साली कायदा करून आतून ढकलले तरी उघडेल असेच दार बनवणे बंधनकारक केले. बाहेरून तार लावली की आपण ती सोय काढून घेतो. भरलेल्या फ्रीजमध्ये मूल शिरण्याची शक्यता जवळपास नाही, पण गच्चीवर किंवा गॅलरीत ठेवलेल्या बंद फ्रीजला असले कुलूप कधीही ठेवू नये. त्याचे दारच काढून टाकावे.

बाबांविषयी सांगायचे राहिले. पहिल्या रात्री त्यांनी दार दोनदा ओढले आणि परत जाऊन झोपले. दुसऱ्या रात्री त्यांनी मला हाक मारून उठवले आणि विचारले, "काऊन रे, आपल्याच घरात मले कुलूप?" एरवी माझे नाव विसरणाऱ्या माणसाने विचारलेला तो प्रश्न अगदी शुद्धीतला होता. मी दूध काढून कोमट करून दिले आणि उत्तर टाळले. पुढे धंतोलीतल्या आमच्या डॉक्टरांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी कुलपाविषयी काही न बोलता बाबा रात्री किती वाजता जेवतात ते विचारले. साडेसात. म्हणजे दोन वाजेपर्यंत साडेसहा तास होतात आणि माणसाला सरळ भूक लागते, एवढी गोष्ट कुलूप शोधण्याच्या नादात आमच्या लक्षात आली नव्हती. आता रात्री जेवणाच्या टेबलावर एक केळे, वाटीभर मुरमुऱ्याचा चिवडा आणि पाण्याचा तांब्या झाकून ठेवतो आणि वर छोटा दिवा चालू ठेवतो. बाबा उठतात, तिथे बसून खातात आणि दहापैकी आठ रात्री फ्रीजकडे वळतही नाहीत.

उरलेल्या दोन रात्रींसाठी फ्रीजच्या आत ठेवायचा, झाकणाला लहान कुलूप असलेला पारदर्शक प्लास्टिकचा डबा इतवारीतून 280 रुपयांना आणला आहे. त्यात इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब आणि मिठाई आली तर मिठाई. किल्ली आईच्या बांगडीतल्या सेफ्टी पिनेला असते. डबा फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकणार नाही एवढी काळजी घ्यावी, कारण तिथे इन्सुलिन गोठू शकते आणि गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते. आत औषधे सुरक्षित आणि बाकी फ्रीज सगळ्यांना मोकळा, असा हा बेत असून बाहेरच्या कुलपाने चार महिन्यांत जे साधले नाही ते यात पंधरा दिवसांत साधले. अर्थात, प्रॅडर-विलीसारख्या आजारात मुलाची भूक कधी शमतच नाही, आणि तिथे फ्रीज व खाण्याची कपाटे बंद ठेवणे हा उपचाराचाच भाग मानला जातो. अशा घरांना माझे हे मत लागू नाही, त्यांनी दोन्ही दारांना किल्लीची धातूची कुलपेच लावावीत.

चिकटवलेली चकती काढण्यासाठी तिला हेअर ड्रायरने दोन मिनिटे ऊब द्यावी आणि मागून दुहेरी दोरा करवतीसारखा ओढावा. उरलेला चिकटा खोबरेल तेल लावून तासाभराने पुसला की निघतो. आमच्या दारावर चकतीएवढा फिका चौकोन राहिला आहे. वस्तूला मी पाचपैकी दोन गुण देईन, त्यातला एक चिकटपट्टीला. तरीही कोणाला ती घ्यायचीच असेल तर होळीपूर्वी चिकटवून घ्यावी आणि आपला फ्रीज किती दारांचा आहे ते मागवण्याआधी मोजावे.