भरतपूर आणि रणथंभोर: पाच दिवसांच्या सहलीचे परीक्षण

गेल्या जानेवारीत मी आणि माझी बहीण एका खासगी आयोजकाच्या सहलीतून राजस्थानातील केवलादेव आणि रणथंभोर ही दोन राष्ट्रीय उद्याने पाहून आलो. दोन दिवस भरतपूर (केवलादेव) आणि तीन दिवस सवाई माधोपूर (रणथंभोर), असा कार्यक्रम होता. सहलीच्या पत्रकात ‘निसर्ग आणि वारसा’ हे शब्द ठळक छापले होते आणि त्यांच्यावर विश्वास ठेवूनच आम्ही ही सहल निवडली, त्यामुळे तिचे मोजमापही मी त्याच शब्दांनी करते. निवास, जेवण आणि प्रवास यांची व्यवस्था चोख होती; त्याबद्दल तक्रार नाही.

भरतपूरचे दोन दिवस मी कधीही विसरणार नाही. केवलादेव उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे आहे आणि तिथे सायकलरिक्षाने फिरता येते. हे रिक्षाचालक पक्ष्यांचे जाणकार असतात, असे ऐकले होते, पण त्या जाणकारीची खोली तिथे गेल्यावरच कळली. आमच्या चालकाने पहिल्या तासाभरात सारस, तिरंदाज, पाणकावळे आणि बाभळीच्या फांदीवर अंग चोरून बसलेले घुबड दाखवले, आणि मग रंगीत करकोच्यांच्या सारंगागारासमोर, म्हणजे घरट्यांच्या वसाहतीसमोर, रिक्षा उभी करून, उडायला शिकणारी मोठी पिल्ले आम्हाला मनसोक्त पाहू दिली. घाई अशी त्याने एकदाही केली नाही.

त्याहून मोलाचे होते ते त्याने सांगितलेले या पाण्याचे मूळ. ही पाणथळ जागा मुळात माणसाने घडवलेली आहे. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांनी गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या संगमाजवळ अजान बांध घातला, सखल जमिनीत पाणी साचू लागले, पुढे भरतपूरच्या राजघराण्याने तिथे बदकांच्या शिकारीसाठी बांध आणि कालवे वाढवले, आणि मधोमध असलेल्या शिवमंदिरावरून या जागेला केवलादेव हे नाव मिळाले. त्या मंदिराजवळ शिकारींच्या नोंदी कोरलेल्या शिळा आहेत. १९३८च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेल्याची नोंद वाचताना आम्ही दोघीही गप्प झालो, कारण त्याच शिळांच्या पलीकडे शेकडो पक्षी निर्धास्त चरत होते. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९८५ मध्ये जागतिक वारसास्थळ झालेल्या या जागेचा पुढचा इतिहासही त्याने आडपडदा न ठेवता सांगितला: गुरांच्या चराईवर बंदी आल्यावर गावकऱ्यांशी झालेला रक्तरंजित संघर्ष, म्हशी गेल्यावर पाण्यात माजलेले गवत, आणि २००२ नंतर इथे पुन्हा कधीच न उतरलेले सायबेरियन क्रौंच. आजही इथले पाणी बाहेरून आणावे लागते, हे कळल्यावर समोरचा प्रत्येक पक्षी अधिक लक्ष देऊन पाहावासा वाटतो.

रणथंभोरमध्ये मात्र सहलीचा तोल गेला, आणि त्याचा दोष मी जंगलाला मुळीच देणार नाही. धोंक वृक्षांनी झाकलेल्या टेकड्या, पदम तलाव, राजबाग आणि मलिक तलाव ही तीन तळी, आणि या सगळ्यांवर नजर ठेवून उभा असलेला किल्ला, हे दृश्य देशात दुसरीकडे क्वचितच दिसेल. सफारीसाठी आम्हाला वीस आसनांचा कँटर, म्हणजे उघडी मोठी गाडी, दिला गेला. जिप्सी, म्हणजे छोटी उघडी जीप, मिळणार नाही, हे आधी सांगितले असते तर आम्ही तयारीने गेलो असतो. त्यातही सोबतचा गाईड वाघाच्या मागावर इतका गुंतला होता की चितळांचे कळप, मगरी आणि पाण्यात उभी राहून पाणवनस्पती खाणारी सांबरे यांच्याजवळून गाडी न थांबता गेली. दुसऱ्या फेरीत एक वाघीण दहा मिनिटे दिसली. तो आनंद खरा होता आणि तो मी कमी लेखत नाही.

खरी चूक चौथ्या दिवशी झाली. कार्यक्रमात किल्ल्यासाठी अख्खी सकाळ राखून ठेवली होती, पण काही सहप्रवाशांना वाघ अधिक जवळून पाहायचा होता, म्हणून जादा सफारी घेतली गेली आणि किल्ल्याला उरला दीड तास. २०१३ मध्ये राजस्थानच्या पाच अन्य डोंगरी किल्ल्यांसोबत जागतिक वारसा यादीत गेलेला हा किल्ला राष्ट्रीय उद्यानाच्या आतच आहे. आश्रयाला आलेल्या बंडखोरांना परत द्यायचे नाही म्हणून राजा हम्मीरदेव १३०१ मध्ये अलाउद्दीन खिलजीशी इथेच लढला आणि पडला. नौलखा दरवाजातून चढून त्रिनेत्र गणेशाच्या मंदिरापर्यंत पोहोचलो तेव्हा तिथे पोस्टाने आलेल्या लग्नपत्रिकांचा ढीग होता; पहिली पत्रिका या गणपतीला पाठवण्याची रीत आजही पाळली जाते. बत्तीस खांबांची छत्री मात्र लांबूनच पाहावी लागली. तटावरून खाली पदम तलाव दिसतो आणि जयपूरच्या राजांचे शिकारीचे रान आज व्याघ्र प्रकल्प कसे झाले, हे त्या एका जागी उभे राहून जितके समजते तितके कँटरमध्ये कधीच समजत नाही. तिथे आम्हाला पाच मिनिटे मिळाली.

भरतपूरच्या भागासाठी ही सहल मी कोणालाही निःसंकोच सुचवेन. रणथंभोरसाठी नोंदणी करताना मात्र सफारीचे वाहन कोणते आणि किल्ल्यासाठी किती तास, या दोन गोष्टी आयोजकाकडून लेखी घ्याव्यात. गाभा क्षेत्रातील सफारी जुलै ते सप्टेंबर बंद असते, तरी मंदिर आणि किल्ला त्या काळातही खुले असतात. पाहायचा राहून गेलेला किल्ला पाहायला आम्ही पावसाळ्यातच, स्वतःच्या बळावर, पुन्हा जाणार आहोत.