कास्ट आयर्न बुलेटचा क्लच प्लेट सेट: कधी घ्यावा, कधी घेऊ नये

उजव्या पायाने गिअर टाकायच्या जुन्या, कास्ट आयर्न (बिडाच्या सिलिंडरच्या) इंजिनाच्या चार गिअरवाल्या बुलेट ३५० साठी मिळणारा क्लच प्लेट सेट हा या परीक्षणाचा विषय. आधी निकाल: कंपनीचा ओरिजिनल सेट चांगला आहे, घसरणारा क्लच तो नक्की धरून ठेवतो. पण "न्यूट्रल लागत नाही", "पहिला टाकताना खाड आवाज येतो" या तक्रारींसाठी तो आणला जातो, तेव्हा बहुतेक वेळा पैसे वाया जातात. यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेल्या) इंजिनाच्या गाड्यांचा क्लच वेगळा, त्यांना हा सेट बसत नाही. ५०० वाल्यांनी दुकानात मॉडेल सांगूनच माल घ्यावा.

प्लेटा गेल्यात की नाही हे ओळखायला काही उघडावं लागत नाही. चढावर चौथ्यात थ्रॉटल पिळला की इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी आहे त्याच वेगात राहते, म्हणजे क्लच स्लिप होतोय. दुसरी खूण किकची. या गाडीची किक क्लचमधूनच इंजिन फिरवते, त्यामुळे कॉम्प्रेशनवर पाय दाबला आणि किक फुसकन खाली गेली तर प्लेटांवर संशय घ्या. पण त्याआधी केबलला ढील आहे ना ते बघा. लिव्हरच्या मुळाशी २ ते ३ मिमी खेळ नसेल तर नव्या प्लेटाही घसरणारच.

आता सेटबद्दल. ओरिजिनलमध्ये अस्तर (प्लेटेवरचा घर्षणाचा थर) सगळीकडे सारख्या जाडीचं असतं आणि प्लेटांचे कान ड्रमच्या, म्हणजे प्लेटा बसतात त्या डब्याच्या, खाचांत अडखळत नाहीत. पुण्यात नाना पेठेत लोकल सेटही मिळतात. त्यातले काही ठीक असतात, पण प्रत्येक पोलादी प्लेट काचेवर ठेवून तपासावी लागते. प्लेटेखाली ०.२ मिमीची फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पात सरकली तर ती वाकडी आहे, सरळ परत करा. प्लेट ठोकून कापताना निघालेली धारदार कोर कडेला तशीच राहिलेली असते तीही बोटाला लागते. बारीक पॉलिश पेपरने ती घासून काढायची, नाहीतर तीच नव्या अस्तराला खरवडते. स्प्रिंग बहुधा सेटसोबत येत नाहीत. त्या घ्यायच्या तर तिन्ही एकदम घ्या आणि शेजारी उभ्या करून उंची सारखी आहे का बघा. एकच नवी टाकली तर प्रेशर प्लेट तिरपी उचलली जाते आणि क्लच अर्धवटच सुटतो.

बसवण्याचं काम अवघड नाही, घाणेरडं आहे. डावीकडचा फूटरेस्ट काढायचा, ब्रेक पेडल खाली घ्यायचा. प्रायमरीचं (इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणाऱ्या चेनचं) झाकण मधल्या एकाच मोठ्या नटवर असतं आणि नट सुटला की आतलं सगळं ऑइल खाली येतं, म्हणून परात आधीच लावून ठेवा. मग तीन स्क्रू, कॅप, स्प्रिंग, प्रेशर प्लेट आणि एकामागून एक प्लेटा. निघतील त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा, कारण सगळ्या पोलादी प्लेटा एकसारख्या नसतात आणि अदलाबदल झाली तर क्लच नीट सुटत नाही. ड्रमच्या खाचा इथेच तपासा. प्लेटांच्या कानांनी तिथे खड्डे पाडलेले असतील तर प्लेट त्यात अडकते. हलके खड्डे कानसने निघतात, खोल असतील तर ड्रम बदलावा लागतो. नव्या अस्तराच्या प्लेटा रात्रभर ऑइलमध्ये भिजवून मगच बसवा. स्प्रिंगचे स्क्रू पूर्ण शेवटपर्यंत आवळायचे. "थोडे ढिले ठेवले की क्लच हलका होतो" हा सल्ला गॅरेजात सर्रास मिळतो, पण या क्लचमध्ये स्क्रूने ताण कमीजास्त करायची सोय नाही.

झाकण उघडं आहे तोवर प्रायमरी चेन बघून घ्या. सर्वात ताठ जागी तिला साधारण ६ मिमी खेळ हवा. ऑइल २०डब्ल्यू५०, सुमारे ४०० ते ४५० मिली, लेव्हलच्या स्क्रूपर्यंत. कारसाठीचं घर्षण कमी करणारं ऑइल इथे चालत नाही, त्याने चांगला क्लचही घसरतो. झाकणाचा नट जोर लावून पिळू नका. झाकण वाकतं आणि गळती कायमची मागे लागते. (बुलेट गळतेच, या समजुतीतली अर्धी गळती या एका नटची आहे.)

आता त्या दुसऱ्या तक्रारीकडे, जिच्यासाठी सेट विकत घेऊ नये. क्लच दाबूनही गाडी पुढे सरकते, पहिला टाकताना दात वाजतात, उभ्या गाडीवर न्यूट्रल सापडत नाही. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये. याचा इलाज उजव्या बाजूला, गिअरबॉक्सच्या झाकणात आहे. तिथे दोन स्क्रूवर एक छोटं पत्र्याचं झाकण असतं, त्याच्याआड अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आणि लॉकनट. केबल पूर्ण ढिली करा, लॉकनट सोडा, स्क्रू पुशरॉडला (प्लेटा उघडणाऱ्या आतल्या दांडीला) टेकेपर्यंत आत न्या, मग अर्धा फेरा मागे घेऊन लॉकनट आवळा. आता केबलचा खेळ २ ते ३ मिमीवर आणा. फक्त केबलचा अ‍ॅडजस्टर फिरवत राहिलं तर आतला लिव्हर चुकीच्या कोनात जातो आणि हँडलवरचा लिव्हर कितीही ओढा, प्लेटा पुरेशा उघडत नाहीत. खेळच ठेवला नाही तर पुशरॉडचं टोक सतत घासून तापतं, निळं पडून चपटं होतं. तसा रॉड मात्र बदलावाच लागतो. सकाळी पहिल्यांदा चिकटलेल्या प्लेटा हा दोष नाही. स्विच बंद ठेवून क्लच दाबा, दोनतीन किका मारा, सुटतात.

क्लच स्वच्छ सुटतोय आणि तरी गिअर एकाच दिशेने नीट पडतात, दुसऱ्या दिशेने फॉल्स न्यूट्रल येतो (दोन गिअरांच्या मध्येच अडकून गाडी मोकळी राहते), तर दोष पायाच्या यंत्रणेत. पेडलच्या रॅचेटजवळची स्टॉप प्लेट दोन बोल्टवर सरकते. ती सरकून पेडलची चाल दोन्हीकडे सारखी राहत नाही. बोल्ट ढिले करून अगदी किंचित हलवायची, मागचं चाक हाताने फिरवत चारही गिअर वरखाली टाकून पाहायचे. पेडल मध्यावर परत येत नसेल तर रिटर्न स्प्रिंग तुटली आहे, तो स्वस्तातला भाग. गिअरबॉक्समध्ये कोणी घट्ट ग्रीस कोंबलं असेल तर गिअर त्यात वाट कापून कोरडेच फिरतात. ते काढून टाका.

टाचेने दाबायचा न्यूट्रल फाइंडर दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्यातून थेट न्यूट्रलला आणतो, पहिल्यातून नाही. तो पहिल्यातून चालत नाही म्हणून गिअरबॉक्स खोलायला देऊ नका.

ओरिजिनल सेटला पाचपैकी चार. एक गुण स्प्रिंग वेगळ्या घ्याव्या लागतात म्हणून कापला.