दोन आवृत्त्या, एक डोरियन: दादरच्या अभ्यासवर्गाविषयी

दादर पश्चिमेला एका छोट्या सभागृहात शनिवारी दुपारी भरणारा हा अभ्यासवर्ग ऑस्कर वाइल्डच्या ‘द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे’ या एकाच कादंबरीला वाहिलेला आहे. चर्चा मराठीत चालते, उतारे मूळ इंग्रजीतून वाचले जातात. स्वतः देखणा राहून पापांचे वण चित्रावर उमटू देणाऱ्या तरुणाची ही गोष्ट नीतिकथा म्हणून सहज खपून जाते. या वर्गाला श्रेय द्यायचे ते तिला तशी खपू न दिल्याबद्दल.

सर्वांत कसदार सत्र पाठभेदांचे झाले. १८९० साली मासिकात आलेली १३ प्रकरणांची संहिता आणि १८९१ ची २० प्रकरणांची पुस्तकरूप आवृत्ती शेजारी ठेवून मार्गदर्शकांनी दाखवले, की चित्रकार बेसिलने डोरियनविषयीच्या ओढीची दिलेली कबुली पुस्तकात बरीच सौम्य होते. पण वाइल्डच्या समलैंगिक संबंधांवरून उद्भवलेल्या १८९५ च्या खटल्यात विरुद्ध पक्षाचे वकील कार्सन यांनी वाइल्डची उलटतपासणी घेतली ती मासिकातल्या मजकुरावर. लैंगिकता आणि दडपणूक यांविषयीचा सिद्धान्त वेगळा शिकवावाच लागला नाही. मार्क्सवादी वाचनही असेच मजकुराला धरून राहिले: शिकारीत गोळी लागून पडलेला माणूस सावज उठवण्यासाठी हाका घालणारा मजूरच असावा असे सारे गृहीत धरतात, आणि अशा प्रसंगाने लोक आपल्याला बेताल नेमबाज समजतात, एवढीच डोरियनला बहकवणाऱ्या लॉर्ड हेन्रीची तक्रार असते.

स्त्रीवादी सत्र उरकल्यासारखे वाटले. डोरियनच्या प्रेमात पडताच नटी सिबिल वेनचा अभिनय ढासळतो आणि डोरियनला ती नकोशी होते, एवढ्या एका प्रसंगावर दुपार खर्चायला हवी होती. तिथे फळ्यावर सिद्धान्तकारांची नावे तेवढी वाढत गेली. कलावाद (कलेसाठी कला) आणि जीवनवाद (जीवनासाठी कला) म्हटल्यावर फडके आणि खांडेकर अपेक्षेप्रमाणे आले. परंतु सौंदर्यशास्त्र मांडणाऱ्या मर्ढेकरांवरही कवितांतील अश्लीलतेवरून खटला झाला होता आणि ते निर्दोष सुटले होते, याचा उल्लेखही होऊ नये, ही मराठी वाचकांच्या वर्गात मोठीच उणीव म्हणावी लागेल.

मागच्या रांगेत पंख्यांच्या घरघरीमुळे नीट ऐकू येत नाही, त्यामुळे लवकर पोहोचावे. कादंबरी आधी वाचून गेलेल्यालाच या वर्गाचा उपयोग आहे. सगळी सत्रे जमणार नसतील, तर पाठभेदांचे तेवढे चुकवू नये.