न्यायाधीश किती असावेत? धंतोलीतल्या एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

नागपूरच्या धंतोलीतील एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवार-रविवारी संध्याकाळी भरणारा संविधान अभ्यासवर्ग यंदा एकाच प्रश्नाला वाहिलेला होता. एखाद्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांची संख्या घटनादुरुस्ती करून कायमची बांधून टाकावी काय, हा तो प्रश्न. शुल्क ८०० रुपये असून त्यात छापील टिपणांची वही आणि मध्यंतरातला चहा येतो. प्रवेशासाठी कायद्याची पदवी लागत नसल्यामुळे नागपूर खंडपीठात नव्याने उभे राहू लागलेले वकील, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले आणि बरीच निवृत्त मंडळी असा संमिश्र श्रोतृवर्ग जमला होता. विषय बराचसा अमेरिकेचा असूनही बाके शेवटपर्यंत भरलेली राहिली, याचे श्रेय शिकवणाऱ्या मॅडमना द्यावे लागेल.

त्यांच्या पद्धतीचा गुण असा की त्या सनावळी सांगून थांबत नाहीत. आकडा का बदलला, हे आधी विचारतात. अमेरिकेच्या राज्यघटनेत सर्वोच्च न्यायालय असावे एवढेच म्हटले आहे, न्यायाधीश किती हे सांगितलेले नाही, त्यामुळे ती संख्या साध्या कायद्याने ठरते. १७८९ मध्ये सहा, १८०७ मध्ये सात, १८३७ मध्ये नऊ आणि १८६३ मध्ये दहा असा हा आलेख चढत गेला, तो मुख्यतः देश पश्चिमेकडे पसरत होता म्हणून. कारण त्या काळी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश स्वतः विभागवार फिरून खटले चालवत, आणि नवा विभाग निर्माण झाला की त्यासाठी न्यायाधीशही लागत असे. १८६६ चा कायदा मात्र वेगळ्या वासाचा होता. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन आणि काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, यांचे हाडवैर जुंपलेले असताना, जागा रिकाम्या होतील तसतशी संख्या सातवर आणावी असे ठरले, म्हणजे जॉन्सन यांच्या वाट्याला नेमणूकच येऊ नये. १८६९ मध्ये पुन्हा नऊ झाले आणि तेव्हापासून नऊच आहेत.

वहीतील तक्त्याबद्दल येथेच एक तक्रार नोंदवतो. त्यात १८०१ समोर पाच असा आकडा छापला आहे. कायदा तसा झाला होता हे खरे. परंतु ती घट पुढची जागा रिकामी झाल्यावर लागू व्हायची होती, आणि तशी वेळ येण्याआधीच १८०२ मध्ये तो कायदा रद्द झाला. न्यायालयात पाच न्यायाधीश प्रत्यक्षात कधी बसलेच नाहीत. परीक्षेसाठी वही पाठ करणाऱ्या मुलांच्या डोक्यात हा आकडा पक्का बसेल, म्हणून तिथे निदान एक तळटीप हवी होती.

१९३७ चे सत्र सर्वांत रंगले. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या न्यायाधीश वाढवण्याच्या योजनेनुसार सत्तरी ओलांडूनही निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशामागे एक नवा, अशा जास्तीत जास्त सहा नेमणुका करता आल्या असत्या आणि संख्या पंधरापर्यंत गेली असती. सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहात, त्यांच्याच पक्षाचे प्रचंड बहुमत असताना जुलैमध्ये ते विधेयक ७० विरुद्ध २० मतांनी समितीकडे परत पाठवले गेले, म्हणजे गुंडाळले गेले. हा धसका पुढे टिकला. मे १९५४ मध्ये सिनेटने घटनादुरुस्तीचा एक ठराव ५८ विरुद्ध १९ मतांनी मंजूर केला, ज्यात नऊ ही संख्या आणि ७५ हे निवृत्तीचे वय घटनेत घालायचे होते. प्रतिनिधिगृहाने, म्हणजे कनिष्ठ सभागृहाने, मात्र तो पुढे नेलाच नाही. २०२१ मध्ये एकीकडे संख्या तेरा करण्याचे विधेयक आणि दुसरीकडे नऊ ही संख्या घटनेत कोरण्याचा प्रस्ताव असे दोन्ही काँग्रेसपुढे होते. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते आणि त्यानंतर तीन-चतुर्थांश, म्हणजे ३८ राज्यांची मान्यता हा तिथला रस्ता किती चढणीचा आहे, हे मॅडमनी नीट समजावले.

ज्यासाठी शुल्क वसूल झाले असे मी म्हणेन, तो भाग मसुदा लिहिण्याचा. प्रत्येक बाकावर एक कोरा कागद दिला गेला आणि संख्या बांधणारे कलम लिहायला सांगितले गेले. विधी महाविद्यालयातल्या एका मुलीने क्षणात लिहिले, "सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीश असतील." पुढच्या बाकावरचे एक ज्येष्ठ वकील मागे वळून म्हणाले, "अगं बेटा, नऊ असतील हे ठीक. पण नववा नेमलाच नाही तर काय करशील?" ती म्हणाली, "काका, मग 'नेमावेच लागतील' असं लिहिते ना." त्यावर मॅडमनी अमेरिकेतले २०१६ चे उदाहरण काढले. फेब्रुवारीत न्यायमूर्ती स्कालिया यांचे निधन झाले, सिनेटने अध्यक्षांच्या उमेदवाराची सुनावणीच घेतली नाही, आणि एप्रिल २०१७ पर्यंत ते न्यायालय आठ जणांवर चालले. कायद्यातला नऊचा आकडा जागच्या जागी होता. त्या मुलीने मग वाक्य खोडून कालमर्यादा घातली, तर काकांनी विचारले की मुदत टळली तर नेमणूक कोणी करायची. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या तरी कलम पुरे झाले नाही. संख्या बांधल्याने नव्या खुर्च्या घुसवण्याचा मार्ग बंद होतो, जुनी खुर्ची अडवून ठेवण्याचा होत नाही, हे व्याख्यानापेक्षा त्या कागदावरून अधिक स्पष्ट झाले.

भारताचा भाग घाईत उरकला गेला आणि ही या वर्गाची मोठी उणीव आहे. अनुच्छेद १२४ मध्ये सरन्यायाधीश आणि, संसद कायद्याने अधिक संख्या ठरवीपर्यंत, सातांहून अधिक नसतील इतके न्यायाधीश अशी रचना आहे. १९५६ च्या कायद्याने सरन्यायाधीश वगळून दहा, १९६० मध्ये तेरा, १९७७ मध्ये सतरा, १९८६ मध्ये पंचवीस, पुढे तीस आणि २०१९ मध्ये तेहतीस अशी ही वाढ झाली, आणि तिला कोणी न्यायालयावरचा हल्ला म्हटले नाही. असे का, यावर एक पूर्ण संध्याकाळ द्यायला हवी होती. माझ्या मते कारण सरळ आहे. अमेरिकेत सगळे न्यायाधीश एकत्र बसून निकाल देतात, त्यामुळे दोन माणसे वाढली की बहुमतच फिरू शकते; आपल्याकडे बहुतेक कामकाज दोन-तीन न्यायाधीशांच्या पीठांपुढे चालते, म्हणून संख्या वाढली की पीठे वाढतात. शिवाय तिथे नेमणूक तहहयात असते, इथे ६५ व्या वर्षी निवृत्ती आहे, आणि जागा सतत रिकाम्या होत असल्यामुळे नवी माणसे नेमण्यासाठी संख्या वाढवण्याचा खटाटोप कोणाला करावा लागत नाही. आपल्याकडची भांडणे नेमणूक कोणी करायची यावरून झाली. १९७३ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलण्यात आले ते आणि २०१५ मध्ये न्यायाधीश नियुक्ती आयोगाची घटनादुरुस्ती रद्द झाली ते, दोन्ही त्याच वळणाचे.

तरीही आकड्याचे वजन आपल्याकडे अजिबात नाही असे नव्हे. १९६७ मध्ये गोलकनाथ खटला, म्हणजे संसदेला घटनादुरुस्तीने मूलभूत हक्क कमी करता येतात काय या प्रश्नाचा, अकरा न्यायाधीशांनी ऐकला आणि सहा विरुद्ध पाच असा निकाल झाला; त्या सहांमध्ये न्या. हिदायतुल्ला होते, जे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. तो निकाल पुन्हा तपासायचा तर अकरांहून मोठे पीठ हवे, म्हणून केशवानंद भारती खटल्यात तेरा बसले आणि निकाल सात विरुद्ध सहा असा लागला. नागपूरच्या श्रोत्यांपुढे हा धागा मॅडमनी हाताशी असून सोडून दिला, याची चुटपुट लागते. आपल्याकडे संख्या घटनेत कायमची बांधायची तर अनुच्छेद ३६८ नुसार संसदेच्या विशेष बहुमताबरोबर किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची मान्यता लागेल, हेही कोणीतरी प्रश्न विचारला म्हणून जाता जाता आले.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. खिडकीतला कूलर सुरू केला की मागच्या तीन रांगांना काही ऐकू येत नाही आणि बंद केला की बसवत नाही. ध्वनिक्षेपक होता, पण तो बहुधा शोभेला. चहा उत्तम. अनुच्छेदांचा मराठी पाठ वहीत नाही, तो घरून नेलेला बरा. विषयाची तोंडओळख असणाऱ्यांनी नाव नोंदवायला हरकत नाही. निव्वळ परीक्षेपुरते मुद्दे हवे असतील त्यांना तिसऱ्या संध्याकाळी कंटाळा येईल. पुढील तुकडीत उच्च न्यायालयांचा विषय घेण्याचे आयोजकांनी जाहीर केले आहे. तिथे संख्या घटनेत नाही आणि संसदेच्या कायद्यातही नाही. अनुच्छेद २१६ नुसार राष्ट्रपतींना आवश्यक वाटतील तितके न्यायाधीश, म्हणजे व्यवहारात निर्णय केंद्र सरकारचा. खंडपीठात रोज उभे राहणाऱ्या वकिलांना तो विषय अधिक जवळचा वाटेल, फक्त त्या वेळी मसुद्याच्या सत्राला दोन संध्याकाळी द्याव्यात.