तिसऱ्या दिवशी आईची कंबर दुखायची थांबली

आमची खरी फसवणूक त्या तिसऱ्या दिवशी झाली. आईच्या कॅन्सरवर पुड्या देणाऱ्या वैद्याला पैसे आधीच देऊन झाले होते, पण विश्वास बसला तो आई रात्रभर न कण्हता झोपली तेव्हा.

पहिल्यापासून सांगते. आईच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन २०१७ मध्ये झालं. पुढं केमो, लाईट (म्हणजे रेडिएशन, किरणांचा उपचार), मग रोजची गोळी. पाच वर्षं चांगली गेली. २०२२ च्या दिवाळीत तिची कंबर धरली. फराळाला बसून बसून धरली असेल म्हणून आम्ही तेल लावलं, वीट तापवून शेकलं, गावातल्या एका माणसाकडून चोळूनसुद्धा घेतलं. दुखणं रात्री वाढायचं, आडवं पडलं तरी थांबायचं नाही. ज्याला आधी कॅन्सर होऊन गेलाय त्याचं असं दुखणं असेल तर तेल लावत बसू नका आणि पाठ तर अजिबात चोळून घेऊ नका. आतून पोखरलेला मणका चोळताना मोडू शकतो.

जानेवारीत मुंबई गाठली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. हाडांचा स्कॅन झाला. सकाळी हातात इंजेक्शन दिलं, तीन तास बसवून ठेवलं आणि मग मशीनखाली घेतलं. फिल्मवर आईचा अख्खा सांगाडा उमटला होता. पाठीच्या मणक्यावर, डाव्या बरगडीवर आणि खुब्याच्या हाडावर काळे डाग होते.

डॉक्टरांनी आम्ही शेतकरी आहोत हे ऐकून समजावलं. म्हणाले, कॅन्सरच्या पेशी रक्तातून सगळीकडे जातात, पण बी पडलं म्हणजे उगवतंच असं नाही, जमीन मानवावी लागते. (नंतर वाचलं की ही बी आणि जमिनीची उपमा फार जुनी आहे. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासून १८८९ मध्ये ती मांडली.) आपलं हाड रोज थोडं खरवडलं जातं आणि रोज थोडं भरलं जातं. खरवडणाऱ्या पेशी वेगळ्या, भरणाऱ्या वेगळ्या. स्तनाचा कॅन्सर हाडात शिरला की बहुधा खरवडणाऱ्यांना चेव आणतो. हाड विरघळताना त्यातून जी द्रव्यं सुटतात त्यांवर कॅन्सर आणखी पोसतो, आणि तो वाढला की आणखी हाड विरघळतं.

दुसरी गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. हा हाडाचा नवीन कॅन्सर नाही, स्तनाचाच आहे, फक्त हाडात जाऊन बसलाय. म्हणून औषधं स्तनाच्या कॅन्सरचीच चालतील. गोळी बदलू, मणक्याला लाईटचा एकच मोठा डोस देऊ, आणि हाडाची झीज थांबवायला झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन महिन्याला एकदा शिरेतून, पंधरा मिनिटांत संपतं. त्याआधी दात दाखवून घ्या, कारण हे औषध चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड चिघळू शकतं. 'मुळापासून जाणार नाही, पण ताब्यात ठेवता येतो, आणि पुष्कळ दिवस ठेवता येतो,' असं ते म्हणाले. आम्ही त्यातलं पहिलं अर्धं वाक्य तेवढं ऐकलं.

लाईटची तारीख आठ दिवसांनी होती. त्या आठ दिवसांत तो माणूस भेटला.

फुटपाथवर चहाच्या टपरीपाशी. माझ्या हातात फिल्मची मोठी पिशवी होती. 'गाव कुठलं ताई?' असं त्यानं विचारलं. आमच्याच बाजूची बोली. पायात धुळीनं भरलेल्या चपला, काखेत तशीच पिशवी. स्वतःच्या चहाबरोबर माझ्याही चहाचे पैसे त्यानं दिले. त्याच्या बायकोलाही हाडातच गेला होता म्हणे, आता भांगलायला जाते. मोबाइलवर फोटो दाखवला. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाला, 'लाईट तेवढी देऊ नका ताई, हाडाचा कोळसा होतो.' वैद्याचा पत्ता मीच मागून घेतला. तो द्यायला तयार नव्हता, 'ते गर्दी घेत नाहीत' म्हणत होता. इथंच मी अडकले.

वैद्य उपनगरातल्या एका फ्लॅटमध्ये बसायचा. दारावर पाटी नाही. त्यानं स्कॅन उजेडात धरला, एकेका डागावर बोट ठेवलं आणि म्हणाला, हे सुकून पडतील, तीन महिने लागतील. पहिल्या महिन्याचे बावीस हजार, रोख. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या तीन रंगांच्या पुड्या दिल्या. त्यांवर ना औषधाचं नाव, ना कंपनी, ना तारीख. उठताना म्हणाला, 'डॉक्टरांना सांगू नका, ते बंद करायला लावतील.' दुसऱ्या महिन्यात सुवर्णभस्म वाढवायचं म्हणून चौऱ्याहत्तर हजार घेतले. दादाने आईच्या पाटल्या गहाण टाकल्या. लाईटच्या तारखेला आम्ही गेलोच नाही.

आणि तिसऱ्या दिवशी कंबर थांबली. आईला भूक लागली. आठवड्याभरात चेहरा भरला. शेजारच्या काकू म्हणाल्या, तोंडावर तेज आलंय. आम्ही वैद्याला फोन करून रडलो.

आता त्याची गोम सांगते. हाडाच्या दुखण्यावर लाईट चांगली लागू पडते, दहातल्या सहा-सात जणांना आराम मिळतो, पण त्याला दोन-तीन आठवडे जावे लागतात, आणि पहिले दोन दिवस तर दुखणं वाढूही शकतं. पुडी मात्र तीन दिवसांत गुण देते. कारण असल्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड आणि वेदनाशामक गोळ्या कुटून घातलेल्या असतात. सूज उतरते, भूक लागते, चेहरा गोल होतो. हाड आत विरघळतच असतं. आईला पुढं बघितलेल्या डॉक्टरांनी तिचा सुजलेला चेहरा, हातावरचे काळेनिळे डाग आणि ३८० ची साखर बघून पहिला प्रश्न हाच केला: 'कुठली पुडी चालू होती?' तोपर्यंत आईला साखरेचा त्रास कधीच नव्हता.

सातव्या आठवड्यात एका संध्याकाळी आई अंगणातून आत आली ती एकाच चपलेनं. दुसरी तुळशीपाशी राहिली होती. पायातून निसटली ते तिला कळलंच नव्हतं. म्हणाली, पाय जड झालेत, कापसावर चालल्यासारखं वाटतंय. मी वैद्याला फोन केला. 'विष पायातून उतरतंय, चांगलं लक्षण आहे, हलवू नका.' आम्ही दोन दिवस हलवलं नाही. तिसऱ्या पहाटे अंथरूण ओलं झालं आणि तिला तेही कळलं नव्हतं.

एमआरआयमध्ये दिसलं की मणका खचून मज्जारज्जूवर दाब आला होता. तातडीनं इंजेक्शन सुरू केली आणि पाच दिवस लाईट दिली. डॉक्टरांनी विचारलं, चालणं कधी थांबलं? मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. बाहेर सिस्टरनी समजावलं की पेशंट चालत आला तर बहुतेकदा चालता राहतो, पाय गेल्यावर आणला तर परत येणं अवघड. कॅन्सर झालेल्या माणसाला पाठदुखीबरोबर पाय जड वाटले, मुंग्या आल्या, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर सकाळची वाट बघायची नसते. त्याच रात्री निघायचं असतं.

आईचे पाय परत आले नाहीत. ती पुढं चौदा महिने होती, चाकाच्या खुर्चीत. गोळी बदलली, महिन्याचं इंजेक्शन सुरू झालं. मॉर्फिनच्या गोळ्यांनी दुखणं शेवटपर्यंत आटोक्यात राहिलं आणि ती शुद्धीत, बोलती राहिली. म्हणजे जे जानेवारीत सांगितलं होतं तेच पुढं झालं, फक्त पाय गेल्यावर. यातले बरेचसे उपचार महात्मा फुले योजनेत बसतात हे आम्हाला पाटल्या गेल्यावर समजलं.

वैद्याच्या फ्लॅटला कुलूप होतं, फोन बंद. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं हा १९५४ च्या औषधे व जादूई उपचार कायद्यानं गुन्हा आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. मी केली, पण माझ्याकडे ना पावती होती, ना चिठ्ठी. तुम्ही निदान पुडीचा, दाराचा, माणसाचा फोटो घेऊन ठेवा. नोंदणी असलेला वैद्य आपला नोंदणी क्रमांक लपवत नाही, आणि रीतसर आयुर्वेदिक औषधाच्या पाकिटावर कंपनीचा परवाना, बॅच आणि तारीख छापलेली असते. माझं भांडण आयुर्वेदाशी नाही. जो माणूस 'डॉक्टरांना सांगू नका' म्हणतो, त्याच्याशी आहे.

हे वाचताना तुमच्या घरात अशा पुड्या चालू असतील तर त्या आपल्या मनानं एकदम बंद करू नका. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड अचानक तोडलं तर माणूस कोसळू शकतो. उरलेल्या पुड्या आहेत तशा पिशवीत भरा, पेशंटला घेऊन उद्याच जा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. ओरडतील म्हणून आम्ही सात आठवडे लपवलं. आमच्यावर कुणीही ओरडलं नाही.