क्रेझीफ्लाय २.१ आणि एआय-डेक: तळहातावरचा ड्रोन खरंच हेरगिरी करू शकतो का?

हातावर बसलेल्या डासासारख्या ड्रोनचं एक चित्र व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरतंय. तो खिडकीतून आत येतो, सुईने रक्त घेतो आणि निघून जातो, असं त्याखाली लिहिलेलं असतं. ते कल्पनाचित्र आहे. तसं यंत्र कुठल्याही दुकानात मिळत नाही. मग सामान्य माणसाला विकत मिळणाऱ्या यंत्रांपैकी त्या डासाच्या जवळ जाणारं काय आहे? स्वीडनमधल्या माल्मो शहरातल्या बिटक्रेझ कंपनीचा क्रेझीफ्लाय २.१ आणि त्यावर बसणारा कॅमेऱ्याचा बोर्ड, एआय-डेक (या ड्रोनवर लावायच्या जोडबोर्डांना 'डेक' म्हणतात). ही जोडी चांगली आहे की नाही यासोबतच तिच्यापासून किती घाबरायचं, हेही इथे पाहू.

क्रेझीफ्लायचं वजन २७ ग्रॅम. तिरप्या रेषेत समोरासमोर येणाऱ्या मोटरांमधलं अंतर ९२ मिलिमीटर आणि उंची २९. वेगळी चौकट नाही, सर्किट बोर्ड हाच सांगाडा. त्याच्या चार हातांना ७ मिलिमीटर जाडीच्या कोअरलेस, म्हणजे आत लोखंडी गाभा नसलेल्या, मोटरा लागतात. सोल्डरिंग करावं लागत नाही. जोडणीला सुरुवात करण्याआधी नुसता बोर्ड यूएसबीला लावून स्वतःची चाचणी करू द्यावी. मागचे निळे दिवे स्थिर पेटले आणि पुढच्या उजव्या हाताचा लाल दिवा सेकंदाला दोनदा लुकलुकला तर सगळं ठीक. लाल दिवा पाच वेळा झटपट लुकलुकून थांबत असेल तर एखादा सेन्सर नापास झालाय. अशा वेळी मोटरा बसवू नका, बोर्ड परत करा. एकदा जोडणी झाली की दोष कुणाचा, हे सिद्ध करणं अवघड होतं.

मोटरेच्या तारांना पीळ देऊन त्या माउंटच्या, म्हणजे मोटर धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या, खाचेत बसवायच्या, नाहीतर सैल तार पंख्यात येते. पंखे दोन जातींचे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरणारे आणि उलटे. पुढच्या उजव्या आणि मागच्या डाव्या मोटरेला उलट दिशेचे, उरलेल्या दोघींना सुलट. नवख्यांची सर्वात मोठी चूक इथेच होते. एक पंखा जरी चुकला तरी यंत्र उडताक्षणी पालथं पडतं आणि दोष सॉफ्टवेअरचा वाटतो. चालू करताना ते सपाट जागी ठेवून दोन-तीन सेकंद अजिबात हलवायचं नाही, कारण जायरोस्कोपचं, म्हणजे यंत्र किती वेगाने वळतंय ते मोजणाऱ्या सेन्सरचं, शून्य तेव्हाच ठरतं. हातात धरून चालू केलं तर उडाल्यावर ते एका बाजूला सरकत राहतं.

आता बॅटरी. २५० मिलिअँपिअर-तासांचा एकच लिथियम-पॉलिमर सेल, उड्डाण ७ मिनिटं, चार्जिंग ४० मिनिटं. हिशेब केला तर हवेत नुसतं तरंगायला साधारण ८ वॅट लागतात. एक यंत्र सतत हवेत ठेवायचं तर सात बॅटऱ्यांचं चक्र लागेल, आणि दर सात मिनिटांनी खाली उतरून बॅटरी बदलायला माणूस लागेल. एआय-डेकचे ४.४ ग्रॅम आणि यंत्र जागेवर स्थिर ठेवायला खाली लावायच्या फ्लो-डेकचे १.६ ग्रॅम वाढले की वेळ आणखी घटतो. लाल दिवा सतत पेटला की लगेच उतरवा. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की फुगू शकतो, आणि फुगलेला सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं आहे.

याच्याशी तुलना करावी ती नॉर्वेत जन्मलेल्या ब्लॅक हॉर्नेटची. ब्रिटिश सैन्याने २०१३ च्या सुमारास अफगाणिस्तानात वापरलेला तो छोटा हेलिकॉप्टर जेमतेम १६ ग्रॅमचा होता, तरी २५ मिनिटं उडायचा. यात जादू नाही, पंख्याचं गणित आहे. त्याचा मुख्य रोटर, म्हणजे वरचा पंखा, एकच आणि १२ सेंटिमीटरचा, म्हणजे ११३ चौरस सेंटिमीटर हवा ढकलणारा. क्रेझीफ्लायचे साडेचार सेंटिमीटरचे चार पंखे मिळून ६४ सुद्धा भरत नाहीत. वजन जास्त, पंख्याचं क्षेत्र कमी, म्हणून ताकद जवळजवळ तिप्पट लागते. ब्रिटिश सरकारने असे १६० संच २ कोटी पौंडांच्या कंत्राटात घेतले होते. शेजाऱ्यावर नजर ठेवायला एवढा खर्च कुणी करत नाही.

एआय-डेकचा कॅमेरा हायमॅक्स कंपनीचा, ३२० बाय ३२० पिक्सेलचा, साधारणपणे कृष्णधवल. चौकटीत चार मीटर रुंदीची खोली मावली तर एक पिक्सेल सव्वा सेंटिमीटरचा पडतो. पंधरा सेंटिमीटर रुंद चेहरा म्हणजे बारा पिक्सेल. माणूस आहे, बसलाय, उठला, एवढं कळतं. कोण आहे ते कळत नाही, टेबलावरचा कागद वाचता येणं तर दूरच. पण या बोर्डाचं खरं काम चित्र पाठवणं नाहीच. त्यावरचा जीएपी८ हा आठ अधिक एक गाभ्यांचा (कोअरचा) प्रोसेसर चित्र जागच्या जागी समजून घेऊन यंत्राला भिंत टाळायला लावतो. एवढ्या कमी वजनात आणि मिलिवॅटच्या हिशेबात हे होतं याबद्दल बिटक्रेझचं मनापासून कौतुक करायला हवं. त्यांचं हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही खुलं आहे, त्यामुळे आत काय चाललंय ते कुणीही तपासू शकतं. जीएपी८ वर पहिल्यांदा बूटलोडर (इतर प्रोग्रॅम चढवू देणारा सुरुवातीचा प्रोग्रॅम) चढवायला जेटॅग प्रोग्रॅमर नावाचं वेगळं उपकरण लागतं, तो खर्च आधीच धरा.

फ्लो-डेक जमिनीचं चित्र पाहून सरकण्याचा वेग मोजतो. खाली गुळगुळीत चकचकीत फरशी असेल, एकरंगी सतरंजी असेल किंवा उजेड मंद असेल तर त्याला धरायला खूण सापडत नाही आणि यंत्र वाहत जातं. आपल्याकडच्या पॉलिश केलेल्या विट्रिफाइड टाइल्सवर हे हमखास होतं. वर्तमानपत्राची पानं पसरा, फरक लगेच दिसतो. अंधारात गुपचूप उडणारं यंत्र ज्यांच्या मनात आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावं. शिवाय आवाज आहेच. कोअरलेस मोटरांची तीक्ष्ण भुणभुण बंद खोलीत लपत नाही.

मोटर माउंट धडकेत सर्वांत आधी तुटतात. तसे ते मुद्दाम बनवलेत, बोर्ड वाचावा म्हणून. एखादी मोटर गरम होऊ लागली तर शाफ्टला केस गुंडाळलाय का ते पाहा. रेडिओ २४८० मेगाहर्ट्झवर ठरवून येतो, म्हणजे घरच्या वायफायच्या नेहमीच्या पट्ट्यांच्या थोडासा वर. मात्र हा दुवा कूटबद्ध नाही. जवळ तसाच रेडिओ-डोंगल (संगणकाच्या यूएसबीत लागणारा रेडिओ) असलेला कुणीही शोध घेऊन यंत्राशी जोडू शकतो. वर्गात दोन-तीन यंत्रं असतील तर प्रत्येकाचा पत्ता आणि चॅनेल पहिल्याच दिवशी बदला. चित्र पाठवताना एआय-डेक स्वतःचं वायफाय उभं करू शकतो, आणि मग त्याचं नाव आसपासच्या मोबाइलच्या यादीत दिसतं.

याहून लहान यंत्रंही बनलीत. अमेरिकेच्या सीआयएने १९७० च्या दशकात चतुराच्या रूपाचा 'इन्सेक्टोथॉप्टर' बनवला. तो साधारण मिनिटभर उडायचा, पण आडव्या वाऱ्यात टिकला नाही, म्हणून प्रकल्प बंद पडला. हार्वर्ड विद्यापीठाची रोबोबी २०१९ मध्ये बाहेरच्या वीजतारेशिवाय उडाली. वजन २५९ मिलिग्रॅम, उड्डाण एका सेकंदाच्या आत, आणि तेही उन्हाच्या तिप्पट प्रखर दिव्याखाली. किड्याएवढ्या यंत्राला मुख्य अडचण ऊर्जेची आहे. कॅमेरा आणि रेडिओची भूक त्यानंतर सुरू होते.

म्हणून भीती वाया आहे असं नव्हे. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, पुणे जिल्ह्यांतल्या गावांवर रात्री दिवे लावून ड्रोन फिरत असल्याच्या तक्रारी झाल्या आणि लोकांनी पहारे दिले. तिथे प्रश्न किड्याएवढ्या यंत्राचा नव्हता. आकाशात काय चाललंय आणि कुणाच्या परवानगीने, हे सांगणारं कुणी नव्हतं. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' धरला जातो, आणि तो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. वजनावर आधारलेली ही सवलत पडून होणारी इजा लक्षात घेऊन ठीक आहे, पण कॅमेऱ्याला वजनाशी देणंघेणं नाही. २४९ ग्रॅमच्या ड्रोनमध्ये आज इतका चांगला कॅमेरा बसतो की पाचव्या मजल्याच्या गॅलरीतलं सगळं टिपता येतं. या वर्गासाठी खाजगीपणाचा वेगळा नियम हवा. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला, त्याला आता बराच काळ झाला. तूर्तास तक्रारीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई आणि स्त्रीचं चोरून चित्रण झालं असल्यास भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे. ड्रोन खिडकीशी आला तर दगड मारू नका, मोबाइलवर वेळेसह चित्रण करा आणि तो कुठल्या दिशेने परतला ते टिपा. थोड्याच मिनिटांची बॅटरी असल्याने चालवणारा माणूस फार लांब नसतो.

खरेदीबद्दल. क्रेझीफ्लाय २.१ चा मूळ संच दोनशे ते अडीचशे डॉलरच्या दरम्यान मिळायचा, रेडिओ आणि डेक वेगळे; आता त्याची जागा सुधारित २.१+ ने घेतली आहे. भारतातून मागवण्याआधी केंद्र सरकारची ९ फेब्रुवारी २०२२ ची आयातीबद्दलची अधिसूचना वाचा. पूर्ण किंवा सुट्या संचाच्या रूपातल्या ड्रोनची आयात बंद आहे. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्था आणि संशोधन संस्थांना परवानगी घेऊन आणता येते, सुट्या भागांना मोकळीक आहे. इंजिनिअरिंग कॉलेजच्या रोबोटिक्स प्रयोगशाळेने जरूर घ्यावा. सोबत चार जादा बॅटऱ्या, एक मोटरांचा संच आणि आठ-दहा माउंट एकाच परवानगीत मागवावेत, कारण पहिल्या सत्रातच ते लागतात. फोटो काढायला ड्रोन हवा असेल त्याने याच्या वाटेला जाऊ नये.