नॅपकिन मला मिळाला, पैसे सतरा जणींचे बुडाले

मी जुळे सोलापुरात ब्लाऊज शिवते. घरातच मशीन आहे, बारा वर्षं झाली. सगळ्या गिऱ्हाइकांचे नंबर मोबाइलमध्ये असल्याने माझं व्हॉट्सअॅप स्टेटस रोज दोनशे-अडीचशे जणी बघतात. हे आधीच सांगते, कारण त्या दुकानदाराला माझ्याकडून नेमकं हेच हवं होतं.

गेल्या वर्षी नवरात्रात आमच्या भागात एका गाळ्यात चादरी-टॉवेलचं दुकान उघडलं. दारात फलक होता, दुकानाचा फोटो स्टेटसला ठेवा आणि नॅपकिन मोफत न्या. मी ठेवला, शंभर जणींनी पाहिल्याचा स्क्रीनशॉट दाखवला आणि नॅपकिन लगेच हातात पडला. चांगला जाड होता. पुढच्या आठवड्यात गूगलवर पाच स्टार देऊन दोन ओळी लिहिल्या, तर बिलातून शंभर रुपये कमी झाले. दोन्ही वेळा बोलल्याप्रमाणे मिळालं, म्हणून माझा विश्वास बसला. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, इथल्या पोराटोरांनाही चादर हाताला कळते. अशा गावात चादरीच्या नावाने कोण कशाला फसवेल, असं मला वाटलं.

मग दिवाळीची योजना आली. दोन चादरी, दोन टॉवेल आणि एक बेडशीट असा सेट, पाचशे रुपये आगाऊ भरायचे, बाकीचे माल घेताना. पाच बुकिंग आणून दिली की आणणारीला एक जेकार्ड चादर फुकट. दुकानदार म्हणाला, “ताई, तुमच्या शब्दाला वजन आहे. नुसता फोटो नको, स्वतः बोलून व्हिडिओ टाका.” मी टाकला. ‘मी स्वतः वापरते, माल चांगला आहे, बिनधास्त बुक करा,’ असं माझ्या तोंडचं वाक्य आहे त्यात. मी वापरला होता नॅपकिन. तो सेट मी डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. शिवाय बुकिंगमागे मला चादर मिळणार आहे, हे मी कुणालाच सांगितलं नाही. माझी खरी चूक ही आहे, आणि ती दुकानदाराच्या माथी मारून मला चालणार नाही.

सतरा जणींनी पैसे भरले. साडेआठ हजार रुपये. त्यात माझी अक्कलकोटची नणंद होती, दोन मैत्रिणी होत्या, बाकी सगळी गिऱ्हाइकं. माल धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मिळणार होता. त्या दिवशी शटर खाली आणि फोन बंद. गाळामालकाला विचारलं तर त्याचंही एका महिन्याचं भाडं थकलेलं.

संध्याकाळी पूर्व भागातल्या अक्का आल्या. त्या विड्या वळतात, माझ्याकडे वर्षाला दोन ब्लाऊज शिवतात. कमरेच्या बटव्यातून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेली पावती काढली आणि माझ्या मशीनवर ठेवली. त्यावर ना दुकानाचा पत्ता, ना जीएसटी नंबर. नुसता रबरी शिक्का, आणि पेनाने लिहिलेलं ‘५०० जमा’. “तू सांगितलीस म्हणून भरले की गं,” एवढंच म्हणाल्या. मला तोंड वर करवेना. त्यांचे पैसे मी त्याच वेळी दिले. बाकीच्यांचे तीन महिन्यांत फेडले. दोघींनी घेतले नाहीत. त्यांनी त्यानंतर माझ्याकडे कापडही टाकलं नाही.

तक्रार द्यायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, पुरावा काय? स्टेटस चोवीस तासांत निघून जातं. दुकानदार आम्हाला सारखं सांगायचा, पोस्ट नको, स्टेटसलाच ठेवा. का, ते तेव्हा कळलं. योजनेचा स्क्रीनशॉट एकीजवळही नव्हता. माझा व्हिडिओ गॅलरीत राहिला होता, पण त्यात दुकानदार दिसत नाही, मी दिसते. ज्यांनी क्यूआर कोडवर पैसे भरले त्यांच्या मोबाइलमध्ये दुकानाचं नाव नव्हतं, भलत्याच माणसाचं होतं. पैसे पाठवण्याआधी ते नाव पडद्यावर येतं, आम्ही कुणीच वाचलं नाही. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० वर फोन करायचा असतो, आणि तो लगेच केला तर समोरच्या खात्यात शिल्लक असलेली रक्कम थांबवता येते. आम्ही दिवाळी होऊ दिली, आठ दिवस घालवले. अक्कांसारख्या ज्यांनी रोख दिले, त्यांना तर तोही मार्ग नव्हता. ग्राहक म्हणून सल्ला १९१५ वर मिळतो, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, ही माहितीही मला नंतर मिळाली.

त्याहून जास्त हादरले ते दुसऱ्याच गोष्टीने. फुकट वस्तू किंवा सवलत घेऊन कुणाची जाहिरात केली तर ते लोकांना स्पष्ट सांगावं लागतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खात्री करून घेतली होती, असं दाखवता आलं तरच त्यातून सुटका. मी काय दाखवणार होते? नॅपकिन?

सगळी छोटी दुकानं अशी नसतात. माझी एक मैत्रीण शेंगा चटणी करते. फोटो टाकणाऱ्याला ती पुढच्या वेळी छोटी पुडी देते, पण आधी चटणी खाऊ घालते आणि तिखट झाली असेल तर तसंच लिहा म्हणते. दुसऱ्यांकडून आगाऊ पैसे आणून द्या, असं तिने कधी कुणाला सांगितलं नाही. आता कुणी मला काही टाकायला सांगितलं तर मी आधी पक्कं बिल आणि शॉप अॅक्टचा कागद बघते. मला काय मिळणार आहे तेही स्टेटसमध्येच लिहिते. ते लिहू नका म्हणाले की मी तिथून उठते.

गूगलवरचे माझे ते पाच स्टार मी विसरूनच गेले होते. दुकान बंद होऊन दोन महिने झाल्यावर आठवण झाली आणि काढून टाकायला बसले. ‘विश्वासू दुकान, नक्की भेट द्या,’ असं माझ्या नावानिशी तिथे तसंच होतं. खाली तीन लाइक होते. त्या तिघांनी पैसे भरले होते का, हे मला कळायला मार्ग नाही.